सरासरी आणि खंड

पूर्ण बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं निदान त्या मानानं सोपं असतं. बटण दाबलं, दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, म्हणजे वीज कुठेतरी अडली आहे. एसएमपीएस बदलून पाहायचा, रॅम काढून पुन्हा बसवायची, मदरबोर्डच्या बीपकडे कान द्यायचा. बिघाड जागचा हलत नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला घाई नसते. कस लागतो तो चालू असलेल्या कॉम्प्युटरपाशी. तो बहुतेक वेळ छान चालतो आणि मधूनच अडखळतो. दुकानात नेला की तासभर एकही झटका देत नाही. घरी आणला की दुपारी देतो, रात्री देत नाही. अशा बिघाडाचा माग काढायला स्क्रू ड्रायव्हरच्या आधी एक गोष्ट लागते: तक्रार करणाऱ्याचं म्हणणं खरं मानण्याची तयारी. हे मी एका गेमिंग पीसीपाशी बसून शिकलो, आणि आता मला ते कॉम्प्युटरपुरतं वाटत नाही.

माझा भाचा अमरावतीला कॉलेजात शिकतो. त्याचा पीसी आम्ही दोघांनी घरीच असेंबल केला. कॅबिनेट आणि एसएमपीएस नागपूरला सीताबर्डीत घेतले, ग्राफिक कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं, बाकीचे भाग कुरिअरने आले. २०२१ साली क्रिप्टो चलनाच्या मागे लागलेल्यांनी जगभरातली ग्राफिक कार्डं उचलली होती आणि साध्या कार्डाची किंमतही आवाक्याबाहेर गेली होती. तो काळ त्याने जुन्या लॅपटॉपवर काढला, शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, पैसे बाजूला टाकत राहिला. म्हणून बैठकीत सतरंजी अंथरून एकेक खोकं उघडताना त्याच्या हातांत एवढी काळजी होती. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, जोर अजिबात द्यायचा नाही, तो आपल्याच वजनाने खाली बसतो, हे त्यानेच मला दाखवलं. संध्याकाळी पहिल्यांदा पडदा उजळला तेव्हा ताईने देवापुढची साखर आणून दोघांच्या हातावर ठेवली.

कंपनीच्या तयार मशीनमध्ये नसलेली एक गोष्ट घरी जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये असते. त्याचे भाग एकमेकांना तिथेच पहिल्यांदा भेटतात. प्रोसेसरचा आराखडा अमेरिकेतला, त्याची चिप तैवानात घडलेली. रॅमवरच्या चिपा कोरियाच्या. बोर्ड आणखी कुणाचा, एसएमपीएस आणखी कुणाचा. प्रत्येक भाग आपापल्या कारखान्यात तपासून निघालेला असतो, पण नेमक्या या जुळणीची एकत्र चाचणी कुणीच घेतलेली नसते. ती तुमच्या घरात होते, तुमच्या विजेवर, तुमच्या हवेत. त्यामुळे काही बिनसलं तर एकच कोणी जबाबदार सापडत नाही, आणि निदान जोडणाऱ्याला स्वतःलाच करावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे. पण ते करताना यंत्राची जी ओळख होते, ती वॉरंटीच्या कागदातून होत नाही.

तक्रार पहिल्याच उन्हाळ्यात सुरू झाली. "मामा, गेम मस्त चालतो, पण मधेच अडकतो." शहरभर गाडी पळवायचा गेम होता. वळणावर गाडी घातली की चित्र क्षणभर थिजायचं आणि पुढच्या क्षणी गाडी भिंतीत असायची. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा आकडा, नव्वदच्या आसपास स्थिर दिसायचा. ओळखीच्या दुकानदाराने तो आकडा पाहून सांगितलं, "नव्वद येतायत, अजून काय पाहिजे?" ताईचंही तेच म्हणणं होतं: "आकडा तर चांगला दिसते, मग काहून चिडते हा?" मुलगा गप्प झाला. आपल्याला जे जाणवतंय ते दाखवायला त्याच्याकडे पुरावा नव्हता, आणि समोरच्यांकडे आकडा होता.

या आकड्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एका सेकंदात १००० मिलिसेकंद असतात. ६० चित्रं समान अंतराने आली तर प्रत्येकाच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, आणि डोळ्याला हालचाल सलग दिसते. आता समजा, ५९ चित्रं १३ मिलिसेकंदांत एक अशा वेगाने आली. त्यांचे ७६७ मिलिसेकंद झाले. उरलेले २३३ मिलिसेकंद एकाच चित्राने खाल्ले. एकूण चित्रं साठच. कोपऱ्यातला आकडाही साठच दाखवणार. पण सेकंदाचा जवळजवळ पाव भाग खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र गोठून राहिलेलं असतं, आणि त्याच वेळात समोरच्या गाडीने वळण घेतलेलं असतं. बेरजेत काही चुकत नाही. फक्त खेळणाऱ्याला जे सोसावं लागलं, ते त्या बेरजेत दिसत नाही.

मला हे चटकन पटलं, कारण आमची शेती दर्यापूरकडची, कोरडवाहू. तिथे पावसाचा हिशेब असाच फसवा असतो. जूनमध्ये पाऊस येतो, पेरण्या होतात, आणि मग जुलैत तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं जातं. उगवलेली पऱ्हाटी माना टाकते. ऑगस्टच्या शेवटी दोन दिवसांत असा कोसळतो की नाल्यांना पूर येतो आणि तालुक्याची सरासरी भरून निघते. हंगाम संपतो तेव्हा कागदावर शंभर टक्के पाऊस असतो आणि शेतकऱ्याच्या अंगावर दुबार पेरणीचं कर्ज. बाबा पावसाची सरासरी कधी विचारत नसत. खंड किती दिवसांचा पडला, एवढंच विचारत. हवामान खातंही मिलिमीटरच्या बेरजेवर थांबत नाही. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला, तो पावसाचा दिवस, असे दिवस वेगळे मोजतं. पीक रोजच्या ओलीवर जगतं, आणि डोळाही दर चित्राच्या वेळेवर जगतो. भाच्याच्या पडद्यावरचे नव्वद म्हणजे तालुक्याची सरासरी होती. आम्हाला खंड मोजायचा होता.

गेमच्या जगातही ही जाग उशिराच आली. वर्षानुवर्षं ग्राफिक कार्डांची तुलना सरासरी एफपीएसवर व्हायची. २०११ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉट वॉसन या अमेरिकी पत्रकाराने 'द टेक रिपोर्ट'मध्ये दीर्घ लेख लिहून ही रीत अपुरी असल्याचं दाखवून दिलं. सेकंदाला एकक मानण्याऐवजी त्याने प्रत्येक चित्राला लागलेला वेळ नोंदला, त्या नोंदी आलेखावर मांडल्या, आणि सर्वांत संथ चित्रं किती संथ आहेत हे विचारलं. सरासरीत बरोबरीची ठरलेली दोन कार्डं या आलेखावर अगदी वेगळी दिसू लागली. एकाची रेघ सपाट, दुसऱ्याची काटेरी. आज बहुतेक चाचण्यांत 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा सरासरीशेजारी छापतात. हजार चित्रांतली सर्वांत संथ दहा बाजूला काढायची आणि त्यांचा वेग सांगायचा. वेगळे हिशेबही आहेत, पण मूळ विचार तोच: मधल्यांवरून शेवटच्यांची स्थिती कळत नाही, शेवटच्यांकडे मुद्दाम पाहावं लागतं.

सरासरी किती फसवू शकते याचं ठळक उदाहरण दोन ग्राफिक कार्डांच्या जोडीचं आहे. एके काळी हौशी लोक एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन कार्डं लावायचे. एक चित्र पहिलं कार्ड रंगवायचं, पुढचं दुसरं. आकडा जवळपास दुप्पट दिसायचा. पण दोन्ही कार्डांची चित्रं समान अंतराने न येता अनेकदा जोडीने यायची: दोन अगदी लागोपाठ, मग मोठं अंतर, पुन्हा दोन लागोपाठ. काही वेळा पडद्यावर दुसऱ्या चित्राच्या दोन-चार ओळीच उमटायच्या आणि तेही मोजणीत धरलं जायचं. २०१३ मध्ये ग्राफिक कार्डांच्या एनव्हिडिया कंपनीने प्रत्येक चित्राच्या कडेला रंगीत पट्टी उमटवून, पडद्याकडे जाणारं चित्रच मुद्रित करून, कोणत्या चित्राला किती जागा मिळाली हे मोजण्याची पद्धत परीक्षकांच्या हाती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या स्पर्धक एएमडीने चित्रांमधलं अंतर समान ठेवणारा ड्रायव्हर आणला. "आकडा वाढला पण खेळताना काहीतरी चुकतंय" असं कितीतरी खेळणारे आधीपासून सांगत होते. मोजण्याची रीत त्यांच्या म्हणण्यापर्यंत पोचायला मधे बरीच वर्षं गेली.

आम्ही सुरुवात केली ती मोजण्याची रीत बदलून. एफपीएसचा आकडा झाकला आणि प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळेचा आलेख पडद्यावर ठेवला. त्याशेजारी प्रोसेसरचं तापमान आणि त्याचा वेग. एक वही केली. वेळ, गेममधली जागा, काय झालं, एवढंच लिहायचं. आणि एक नियम ठरवला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर बदलला तर त्या दिवशी दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. तरुण मुलाला हा नियम जाचक वाटतो. एकाच बैठकीत पाच गोष्टी बदलून मोकळं व्हावंसं वाटतं. पण पाच बदलून झटके थांबले तरी कशाने थांबले ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात ते परत आले की शोध पहिल्या पायरीवर असतो.

पहिला दुवा वहीतून न येता स्वयंपाकघरातून आला. त्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात अमरावतीचा पारा ४४ अंशांवर जातो, स्लॅब तापते आणि खोली संध्याकाळपर्यंत भट्टी होते. खोलीत कूलर आहे, पण उन्हाळ्यात नळ दिवसाआड येतो, म्हणून ताई कूलरची टाकी सकाळी एकदाच भरते. एक दिवस ती सहज म्हणाली, "टाकी कोरडी झाली का याची कटकट सुरू होते." आम्ही दोघांनी वही उघडली. दुपारच्या नोंदी पुन्हा वाचल्या. कूलर कोरडी गरम हवा फेकू लागल्यावरच्या वेळा आणि झटक्यांच्या वेळा एकमेकींवर बसत होत्या. मशीनशी काही देणंघेणं नसलेल्या बाईने रोजच्या कामातून जे पाहिलं होतं, त्यातले झटके आमच्या आलेखावर दिसतच होते. पण त्यांच्याशेजारी कूलरचा रकाना आमच्या वहीत नव्हता. तिच्या सांगण्यावरून तो रकाना त्या दिवशी पडला.

यामागचं कारण सरळ आहे. पंख्याचा हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता त्या हवेत सोडतो. त्यामुळे काम तेवढंच असेल तर खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. डिसेंबरात विशीत असलेली खोली मेमध्ये चाळिशीत जाते, आणि तो फरक थेट चिपवर जाऊन बसतो. प्रोसेसरला आपली मर्यादा ठाऊक असते, साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान. ती आली की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. जरा थंड झाला की वाढवतो. पुन्हा तापतो, पुन्हा कमी करतो. आलेखावर याची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते. थंड खोलीत, एसी असलेल्या दुकानात, हा बिघाड सापडणं शक्यच नसतं. दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याच्या हवेत तो झटका जन्मालाच येत नव्हता.

पडताळा घेणं सोपं होतं. कॅबिनेटची बाजूची झाकण-पट्टी काढली, टेबलफॅन समोर लावला आणि त्याच दुपारी तोच रस्ता पुन्हा पळवला. तापमान उतरलं, करवतीचे दात गेले. मग पक्की सोय केली. मशीन कॉम्प्युटर टेबलच्या कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून हातभर दूर ठेवलं, म्हणजे त्याने सोडलेली गरम हवा तेच पुन्हा ओढणार नाही. पुढच्या जाळीतली धूळ काढली, आत हवा घेणारा आणखी एक पंखा बसवला. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. उन्हाळ्यात जाळी महिन्या-दोन महिन्यांनी धुवावीच लागते.

दुपारचे झटके थांबले. पण दोन दिवसांनी, पहाटेच्या गारव्यात खेळताना, गाडी पुन्हा अडकली. मुलगा खट्टू झाला. "म्हणजे मामा, तापायचं कारण नव्हतंच." इथे मला थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक शोध याच वळणावर भरकटतात. आपण एक तक्रार ऐकतो आणि तिच्यामागे एकच कारण आहे असं धरून चालतो. एक उपाय केला, तक्रार पूर्ण गेली नाही, म्हणून तो उपाय चुकीचा ठरवून टाकतो. प्रत्यक्षात तीन कारणं एकमेकांत मिसळलेली असतील तर प्रत्येक उपाय एकटा करून पाहिला की अपयशीच दिसणार. बरोबर केलेली दुरुस्ती अशी मोडून टाकली जाते. तक्रारीचं शेपूट उरलं तरी झालेला फायदा मोजता यायला हवा, आणि त्यासाठीच आधीचे आलेख जपून ठेवायचे असतात.

नवे आलेख जुन्यांशेजारी ठेवल्यावर आकार वेगळा दिसला. पहाटेच्या झटक्यात करवत नव्हती. सपाट रेघेतून एकच उंच सुळका वर गेलेला होता. वहीत जागा पाहिली: शहराचा असा भाग, जिथे गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच गेली होती. मुलाने गाडी मागे नेऊन तोच रस्ता पुन्हा घेतला. सुळका नाही. तिसऱ्यांदा घेतला, तरी नाही. पहिल्या वेळी अडकणं आणि दुसऱ्या वेळी न अडकणं, ही खूण फार बोलकी असते.

गेममधल्या प्रत्येक पृष्ठभागाचा, म्हणजे ओल्या डांबराचा, काचेचा, पानांचा, रंग ठरवणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. त्यांना शेडर म्हणतात. प्रत्येक ग्राफिक कार्डाची अंतर्गत भाषा वेगळी, म्हणून हे शेडर आधी सर्वसाधारण रूपात येतात आणि तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर तुमच्याच घरी त्यांचं रूपांतर करतो. ते काम गेम सुरू होण्याआधी झालं तर सुरुवातीला थोडं थांबावं लागतं, एवढंच. काही गेम ते खेळ चालू असताना, ती वस्तू समोर आल्यावर करतात, आणि गाडी अडकते. एकदा झालं की रूपांतर डिस्कवर साठवून ठेवलं जातं, म्हणून दुसऱ्या फेरीत अडखळत नाही. ड्रायव्हर बदलला की जुना साठा निरुपयोगी होतो आणि सुळके परत येतात. प्ले-स्टेशन किंवा एक्स-बॉक्सवर हा त्रास सहसा नसतो, कारण एका मॉडेलच्या सगळ्या मशीन आतून सारख्याच. रूपांतर आधीच करून पाठवता येतं. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकचंही तसंच. एकाच घडणीचं यंत्र असल्यामुळे तयार साठा खेळणाऱ्यापर्यंत पोचवता येतो. घरी जोडलेल्या पीसीला ही सवलत मिळत नाही. त्याच्यासारखी दुसरी जुळणी असेलच असं नाही, म्हणून त्याला सगळं स्वतःपुरतं पुन्हा करावं लागतं. आपल्या मर्जीने भाग निवडण्याच्या स्वातंत्र्याची ही किंमत आहे, आणि ती माहीत असली की रागही येत नाही. तो झटका यंत्राचा आजार नाही, हे कळल्यावर मुलाने कार्ड परत करण्याचा विषय सोडून दिला.

तिसरी खूण सर्वांत लहान होती. आलेखावर ठरावीक अंतराने एक बारीक टोक, घड्याळ लावल्यासारखं. खेळात काहीही चालू असो, ते आपल्या वेळेवर यायचं. ज्याला खेळातल्या प्रसंगाशी घेणंदेणं नाही ते खेळाबाहेरून येत असणार. पाठीमागे चालणारे प्रोग्रॅम एकेक करून बंद केले, तेव्हा ते टोक तापमान दाखवणाऱ्या एका प्रोग्रॅमबरोबर नाहीसं झालं. बोर्डावरचे काही सेन्सर वाचायला प्रोसेसरला थबकावं लागतं. वाचण्याचं अंतर वाढवलं आणि नको ते सेन्सर वगळले, तेव्हा प्रश्न मिटला. मोजमाप हवंच, पण मोजणं हेही एक काम आहे आणि त्याचा भार ज्याला मोजतो त्याच्यावरच पडतो, हे लक्षात ठेवून ते बेताने करावं लागतं.

एवढं झाल्यावर आम्ही जुळणीच्या पायाकडे पाहिलं. नवी रॅम पहिल्यांदा सुरू होते तेव्हा बोर्ड तिला सावध, ठरावीक वेगाने चालवतो. डीडीआर-४ रॅमच्या बाबतीत बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० ला. खोक्यावर छापलेला ३२०० चा वेग मिळवायला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तो निवडावा लागतो. तसंच रॅमच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर दोन वाटा उघडतात: ३२०० च्या वेगाला एका वाटेने सेकंदाला २५.६ गिगाबाइट, दोन वाटांनी ५१.२. वेग निवडल्यावर सरासरी थोडीच हलली. वर गेला तो सर्वांत संथ चित्रांचा आकडा, आणि खेळताना जाणवतो तो तोच. मॉनिटरची एक सेटिंगही बदलली. ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडदा नवा करतो. चित्र पडद्याच्या फेरीशी जुळवणारं व्ही-सिंक चालू असेल आणि चित्र १७ मिलिसेकंदांत तयार झालं, तर जेमतेम उशीर झालेलं ते चित्र पुढच्या फेरीपर्यंत, ३३.३ पर्यंत, थांबून राहतं. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या जी-सिंकमध्ये आणि पुढे २०१५ मध्ये मॉनिटरांवर आलेल्या एएमडीच्या फ्रीसिंकमध्ये हे उलटं केलं: चित्र तयार होईल तेव्हा पडदा नवा व्हायचा. भाच्याच्या मॉनिटरमध्ये ही सोय होती. ती चालू केली.

आमची कारणं अशी एकेक करून हाती लागली. पण काही झटके घरबसल्या कुणालाच सापडण्यासारखे नसतात, आणि तिथे तक्रार करणाऱ्याची बाजू आणखी लंगडी पडते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आलं. त्याला टीपीएम नावाची सुरक्षाव्यवस्था सक्तीची होती, म्हणून अनेकांनी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरमध्येच असलेलं टीपीएम चालू केलं. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या काही मशीन त्यानंतर मधूनच थिजू लागल्या. आवाजही फाटायचा, आणि पुन्हा सगळं ठीक. लोकांनी रॅम बदलली, कार्डं बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. खेळाचा आणि सुरक्षेच्या चावीचा संबंध कोण लावणार? २०२२ च्या मार्चमध्ये एएमडीने जाहीरपणे मान्य केलं की हे टीपीएम बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीशी अधूनमधून लांबलेली देवाणघेवाण करतं आणि त्यामुळे कॉम्प्युटर क्षणभर थांबतो. मे महिन्यापासून नवे बायोस येऊ लागले. "मला वाटतंय" एवढंच ज्यांच्याकडे होतं, ते सगळे खरं बोलत होते.

या शोधाने माझ्या भाच्याला काय दिलं, याचा मी बराच विचार करतो. गेम आता सुरळीत चालतो, ही त्यातली लहान गोष्ट. त्याला आपल्या जाणिवेवर भरवसा ठेवता आला, आणि त्याच वेळी त्या जाणिवेला कसोटीला लावताही आलं, ही मोठी. नुसता भरवसा ठेवला असता तर तो दर झटक्याला कार्डाला दोष देत बसला असता. नुसत्या आकड्यावर विसंबला असता तर आपल्याला भास होतो असं समजून गप्प बसला असता. दोन्ही वाटा त्याच्या वयाच्या मुलांपुढे रोज उघड्या असतात. त्याने मधली, जास्त कष्टाची वाट धरली: मला हे जाणवतंय, आणि ते केव्हा जाणवतं हे मी लिहून ठेवतो.

खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. मला त्यांना सांगावंसं वाटतं की, एखाद्या गोष्टीत आनंद असतो म्हणूनच माणूस तिच्यातली बारीक खोट शोधायला बसतो. न आवडणाऱ्या कामात आपण सरासरीवर समाधान मानतो. ज्या मुलाने मिलिसेकंदांच्या खंडाचा पाठपुरावा केला, तो उद्या इंजिनिअर होऊन एखाद्या तालुक्याच्या पाणीपुरवठ्याचा तक्ता पाहील, तेव्हा बेरजेखाली सही करण्याआधी कोणत्या गल्लीत किती दिवस नळ कोरडा होता हे विचारेल, अशी माझी आशा आहे. आशा एवढ्यासाठी की, ते विचारायला त्याला कुणी शिकवावं लागणार नाही.

आता त्याच्या कॉलेजातली मुलं आपापले पीसी घेऊन त्याच्याकडे येतात. परवा एक जण आला आणि म्हणाला, "एफपीएस चांगला आहे, पण खेळायला मजा येत नाही." भाच्याने आकडा विचारलाच नाही. कधी होतं, खोलीत तेव्हा किती गरम असतं, नव्या जागी गेल्यावर होतं की त्याच जागी पुन्हा पुन्हा होतं, ठरावीक अंतराने होतं का, त्याआधी काय बदललं होतं, एवढं विचारून त्याने वही पुढे केली. कुठल्याही अडखळणाऱ्या गोष्टीपाशी, यंत्र असो, योजना असो की माणूस, याच क्रमाने जावं असं मला वाटतं. जो म्हणतो "मधेच अडकतं", त्याचं म्हणणं आधी खरं धरायचं, आणि मग ते खरं कुठे आहे हे शोधायला त्याच्या बरोबर बसायचं.